पट्टी शाबूत आहे

माझे भाऊजी श्यामकांत राऊत यांना खोटं बोलता येत नाही, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. कौतुकानं नाही हो, वैतागून. आमटी खारट झाली की हे 'खारट झालीय' म्हणणार. साडीचा रंग मला अजिबात शोभत नाही, हे त्यांनी माझ्याच साखरपुड्यात मला सांगितलं होतं. रेल्वेत स्टेशन मास्तर होते. सुरतेकडच्या एका लहान स्टेशनावर असताना त्यांच्या हातून एक गाडी चार मिनिटं उगाच थांबून राहिली. गार्ड म्हणाला, साहेब, माझ्या नावावर टाका, मी महिन्याभरात रिटायर होतोय, माझं कोण काय वाकडं करणार? ह्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'विलंब चार मिनिटे, माझ्या चुकीने.' बाजूला वेळ, खाली सही. बढती दोन वर्षं पुढे गेली. माझी मोठी बहीण जयमाला, म्हणजे त्यांची बायको, चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

अशा माणसानं यंदाच्या जुलैत एक खोटं सांगितलं. एकच. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मूग गिळून गप्प बसले. आता सगळं सांगते. नाही सांगितलं तर मला अन्न गोड लागायचं नाही.

ताई तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात शिक्षिका होती. सत्तावीस वर्षं त्याच शाळेत. भाऊजी रिटायर झाले तेव्हा दोघांनी तिथंच घर बांधलं. मी म्हटलं होतं, अहो, डहाणूला फ्लॅट घ्या, मी जवळ आहे, दवाखाना जवळ आहे. पण ताईला पाड्यावरची पोरं सोडवेनात. वीट, सिमेंट, वर स्लॅब, असं पक्कं घर झालं. वास्तुशांतीला मी लाडू वळले. आणि सहा महिन्यांच्या आत तिथली जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीचे हादरे पेपरात सगळ्यांनी वाचले. वाचणं वेगळं आणि तिथं राहणं वेगळं. आधी जमिनीच्या पोटातून धडाम असा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. लोक थंडीत अंगणात निजले. पुढे पुढे हादरे कमी झाले, पण पूर्ण थांबले असं कुणी छातीठोक सांगायला तयार नव्हतं. ताईनं एक पद्धत पाडली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचे सहा पेले एकावर एक उपडे रचून ठेवायची. पेले किणकिणले की बाहेर. झोपेत माणसाला हादरा कळत नाही, पेल्यांना कळतो, असं ती म्हणायची. मी तिच्याकडे राहायला गेले की त्या पेल्यांकडे बघत बघत जेवायचे.

भाऊजींनी काय केलं, तर रजिस्टर घातलं. लांबट वही, रकाने आखलेले: तारीख, वेळ, किती सेकंद, शेरा, सही. रेल्वेत गाड्या लिहिल्या तसे हादरे लिहिले. 'अहो, कुणाला दाखवायचंय हे?' मी विचारलं. म्हणाले, 'दाखवायचं कशाला? झालं ते लिहायचं.'

मधल्या खोलीच्या भिंतीला तडा गेला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर तुळईपर्यंत. दोनदा गवंड्यानं सिमेंट भरलं, दोनदा तो उघडला. पाहणीला आलेल्या एका इंजिनिअरनं सांगितलं, तड्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवा. पट्टी फाटली तर समजा भिंत सरकतेय. झालं, भाऊजींना कामच मिळालं. चौकटीच्या वहीचा कागद कापायचा, कणकेची खळ करायची, स्टुलावर चढून वर तुळईजवळ पट्टी लावायची. पट्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख, वेळ आणि सही. दोन-तीन महिन्यांत पट्टी फाटायची, की नवी. शेवटी ठेकेदार म्हणाला, ही भिंत उतरवून नव्यानं उभारावी लागेल, पण पावसाळा सरल्यावर. तोवर सांभाळून राहा.

आता त्या घड्याळाचं सांगते.

भाऊजी मोबाईलवर भूकंपाचंच वाचत बसायचे. तिथं त्यांना एक फोटो सापडला. उत्तर मॅसिडोनिया म्हणून युरोपात एक देश आहे, त्याची राजधानी स्कोपिये. तिथं त्रेसष्ट साली मोठा भूकंप झाला, सव्वीस जुलैला पहाटे, आणि गाव जमीनदोस्त झालं. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनचं अर्धं पडलेलं बांधकाम लोकांनी तसंच राखलंय. दर्शनी भिंतीवरचं घड्याळ पाच वाजून सतरा मिनिटांवर बंद पडलं, ते आजही तिथंच अडकलेलं आहे. तो फोटो त्यांनी मला इतक्या वेळा दाखवला की तो माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. 'स्वप्ना, बघ. स्टेशनचं घड्याळ आहे. कुणीतरी त्याला रोज चावी देत असणार. नंतर त्यांना ते दुरुस्त करता आलं नसतं का? पण नाही केलं. ज्या वेळी जे झालं ते तसंच ठेवलं.' साठी उलटलेला माणूस, उभ्या जन्मात कुणापुढे रडला नाही, आणि एका घड्याळापायी डोळे पुसतोय!

त्यांना ते घड्याळ बघायचं होतं. सव्वीस जुलैलाच. पाच रात्रींची सहल, दोघांनी मिळून.

डहाणू स्टेशनबाहेर दक्षाबेनचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. चारधाम, दुबई, फार तर बाली. मी तहसील कचेरीतून सुटले की तिच्याकडे जायचे. तिनं नाव ऐकलं आणि चष्मा वर केला. 'स्वप्नाबेन, आ देश क्यां आव्यो?'

'युरोपात.'

'मग स्वित्झर्लंड करा ना. बर्फ बघा, फोटो काढा. तिथं काय बघायचं?'

'बंद पडलेलं एक घड्याळ.'

दक्षाबेननं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू फुटलं. पण बाई कामाची पक्की. इस्तंबूलवरून विमान शोधलं, हॉटेल शोधलं, व्हिसाचे कागद दिल्लीला धाडायला घेतले. फॉर्मवर प्रवासाच्या कारणापुढे भाऊजींनी लिहिलं, 'घड्याळ पाहणे.' मी म्हटलं, पर्यटन लिहा. म्हणाले, पण मी घड्याळच बघायला चाललोय. दक्षाबेननं दुसरा फॉर्म काढला, स्वतःच्या हातानं पर्यटन लिहिलं आणि सहीपुरता त्यांच्यापुढे सरकवला. सही करतानाही त्यांनी तोंड वाकडं केलं.

आता खरी अडचण ताईची. मागल्या वर्षी दोघं नाशिकला लग्नाला गेले, तेव्हा घर फुटलं होतं. मागच्या दारानं येऊन चोरांनी पंपाची मोटर, गॅसच्या टाक्या, नळसुद्धा उपटून नेले. म्हणजे घर रिकामं ठेवून जाणं शक्यच नाही. निजायला कुणीतरी हवं, तेही मधल्या खोलीत, कारण मागचं दार तिथंच उघडतं. असं माणूस एकच, गंगी.

गंगी ताईची विद्यार्थिनी. ताईच्या हाताखाली अक्षर ओळखायला शिकली, आता पाड्यावर स्वतःची भातशेती आणि नाचणी करते. नवरा गेला, नऊ वर्षांची पोर आहे, नवशी. तिचं घर कुडाचं, वर कौलं. हादऱ्यांच्या दिवसांत आम्ही सगळे अंगणात कुडकुडत असताना गंगी आपल्या घरात खुशाल निजायची. म्हणायची, 'बाई, माझं घर हलतं नि पुन्हा उभं ऱ्हातं. तुमचं घर जड हाय.' ताईच्या घरी ती कामाला यायची, पण चहासुद्धा ओटीवर बसून प्यायची. स्लॅबखाली टेकायची नाही.

तिला ताईनं गेल्या दसऱ्याच्या आधीच विचारलं. तिला बाईंना नाही म्हणता आलं नाही. एवढंच म्हणाली, 'पण बाई, ती भिंत?'

ताई म्हणाली, 'ऐक. येत्या दसऱ्याला मास्तर नवी पट्टी लावतील. ती जुलैपर्यंत टिकली, तरच मी जाईन. फाटली तर मी जागची हलणार नाही, तिकिटं काढलेली असली तरी. तुला आणि पोरीला मी फुटत्या भिंतीखाली निजवीन का गं?'

दसऱ्याला पट्टी लागली. दिवाळी गेली, होळी गेली, पट्टी टिकली, म्हणून भिंतीचं कामही पुढच्या पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. ताई सकाळी उठली की आधी मान वर करून पट्टीकडे बघायची, मग चहा ठेवायची. मला फोनवर सांगायची, 'शाबूत आहे गं.' मे महिन्यात तिचा आवाज बदलला. पासपोर्टचा फोटो काढताना हसली. तिनं जन्मात विमान बघितलं ते खालून. तिथं साडीत चालायला अडचण होईल म्हणून सलवार-कुडते शिवायला टाकले. भाऊजींनी एक जुनं हातातलं घड्याळ स्कोपियेच्या वेळेला लावून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. ताई भाकरी थापता थापता सांगायची, 'आता तिथं सकाळ होतेय.' मी माझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते की माझी बहीण युरोपला चाललीय.

सात जुलै, रविवार. व्हिसा आला होता, विमा झाला होता. मी सगळे कागद प्लॅस्टिकच्या फायलीत घालून टमटमनं ताईकडे निघाले. पाऊस लागला होता. वाटेत मला काही जाणवलं नाही. टमटममध्ये तसंही सगळंच हलतं. घरी पोचले तर दार उघडं. ओट्यावरचे पेले खाली घरंगळलेले, एक थेट न्हाणीच्या दारापाशी. आणि मधल्या खोलीत भाऊजी स्टुलावर चढलेले. एका हातात खळीची वाटी, दुसऱ्या हातात कागदाची पट्टी. जुनी पट्टी खाली फरशीवर पडली होती, मधोमध फाटलेली.

'भाऊजी,' मी म्हटलं.

ते काही बोलायच्या आत खाटेवरचा त्यांचा फोन वाजला. ताई तलासरीला शिंप्याकडे गेली होती. मीच फोन उचलला आणि स्पीकर लावला. मला काय ठाऊक!

'अहो, हादरा बसला ना? इथं दुकानातल्या बटणांच्या बरण्या वाजल्या. पट्टी बघितलीत का? अहो, ऐकताय ना? पट्टी बघा आधी!' ताईला धाप लागली होती.

भाऊजींची बोटं खळीनं बरबटलेली. त्यांनी नवी पट्टी तड्यावर टेकवली, अंगठ्यानं दाबली. माझ्याकडे बघितलं.

'शाबूत आहे,' ते म्हणाले.

'नक्की?'

'नक्की. समोरच आहे माझ्या.'

तिकडे ताईनं केवढा तरी श्वास सोडला. 'देव पावला बाई. बरं, बाह्या कोपरापर्यंत ठेवू की मनगटापर्यंत? तिथं ऊन असेल ना?'

फोन ठेवला. मी भाऊजींवर अशी काही उखडले की काही विचारू नका. स्टेशन मास्तरांची एक शपथ असते, त्यांनीच मला लहानपणी समजावली होती. पुढचा मार्ग मोकळा आहे याची खात्री झाल्याशिवाय गाडीला 'लाइन क्लिअर' द्यायचा नाही. एक खोटा लाइन क्लिअर, आणि दोन गाड्या एकमेकींवर जातात. मी म्हटलं, 'भाऊजी, तुम्ही आत्ता खोटा लाइन क्लिअर दिलात. लाज नाही वाटली? त्या खाटेवर नवशी निजणार आहे!'

ते खाली उतरून स्टुलावरच बसले. 'भिंत आठ महिने हलली नाही, स्वप्ना. आज केसभर हलली. आणखी तीन आठवडे काय होतंय? आलो की लगेच उतरवून घेतो. ठेकेदाराला आजच सांगतो.' मग म्हणाले, 'यंदा राहिलं तर ती पुन्हा नाही निघणार. तू ओळखतेस तिला.'

ओळखत होते ना. तिनं शाळेपायी आणि घरापायी स्वतःची एकही हौस पुरवली नव्हती. त्या कुडत्यांच्या बाह्यांचं विचारतानाचा तिचा आवाज माझ्या कानात घुमत होता. आणि खरं सांगायचं तर ऑफिसात माझं हसं होईल, हेही मनात आलं. एवढ्याशा गोष्टीसाठीही माणूस गप्प बसतो. ताई आली तेव्हा मी पेले रचत होते. तिनं आत जाऊन मान वर केली, पट्टी बघितली आणि मला मिठी मारली. मी फाटका कागद पर्समध्ये कोंबलेला होता.

त्यानंतरचे दोन आठवडे माझी झोप उडाली. पाऊस थांबायचं नाव घेईना. भिंत बाहेरून भिजून काळी पडली, आतून हात लावला तर गार लागायची. भाऊजींनी पट्टीकडे बघणंच सोडलं. रजिस्टरमध्ये सात जुलैचा हादरा त्यांनी लिहिला होता, वेळ, सेकंद, सगळं. पण शेऱ्याचा रकाना कोरा. तीस वर्षांत त्यांच्या हातून रकाना कोरा राहिलेला मी पहिल्यांदा बघितला. ताईला एकदा मी म्हटलं, गंगीला पुढच्या खोलीत निजू दे. ती म्हणाली, पुढची खोली गळतेय, आणि पट्टी तर शाबूत आहे, तू कशाला जीव टांगणीला लावतेस?

एकवीस तारीख, रविवार. तेवीसला विमान. नेमकी गुरुपौर्णिमा. दुपारी गंगी आली. शेतात आवणी, म्हणजे भातलावणी, चालू होती, चिखलाच्या पायांनी तशीच आलेली. दरवर्षी ती त्या दिवशी बाईंच्या पाया पडायला यायची. या वेळी काखोटीला गोधडीचं गाठोडं, हातात मच्छरदाणी आणि मागे नवशी. ताईनं तिला किल्ल्या दाखवल्या, गॅस दाखवला. नवशी खाटेवर चढून बसली, दोन उड्या मारून बघितल्या. म्हणाली, 'आई, हितं मऊ हाय.' पहिल्यांदा त्या मायलेकी त्या स्लॅबखाली राहायला आल्या होत्या.

मी दारात उभी होते. भाऊजी पुढच्या खोलीत बॅगेला कुलूप लावत होते.

मच्छरदाणीची एक दोरी बांधायला खिळा हवा होता. खिळा वर, तुळईत. गंगी स्टुलावर चढली. तिचं तोंड थेट पट्टीसमोर आलं. मला तिला खाली बोलवावंसं वाटलं, पण कशापायी? पट्टी तर धड होती.

गंगीनं दोरी खिळ्याला बांधली आणि ती तिथंच थांबली. ती सगळंच वाचते. पुड्याचा कागद, एसटीची पाटी, काहीही. बाईंनी तशी सवय लावलीय. बोट लावून, सुटं सुटं वाचायला लागली.

'सात... जुलै... पंधरा वीस. श्या. रा.'

ताई खाली चादर घालत होती. तिचे हात थांबले.

'पुन्हा वाच.'

'सात जुलै, बाई. पंधरा वीस. म्हंजे तीन वाजून वीस, नाय का? तुम्हीच शिकवलं होतं.'

अरे देवा! त्या माणसानं खोटी पट्टी लावली, आणि खरी वेळ लिहिली. खोटं बोलायचं असतं तर दसऱ्याची तारीख टाकायची की नाही? निदान कोरी ठेवायची! पण हातात पेन आलं की खरी वेळ लिहायची, ही त्यांच्या हाताची सवय. तोंड एक बोललं आणि हातानं दुसरंच लिहिलं. मी तिथंच उभी होते, पण अक्षर बारीक, पट्टी उंच, आणि मला बघायचंच नव्हतं.

भाऊजी दारात आले. त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग गंगीकडे, आणि त्यांच्या हातातली कुलपाची किल्ली खाली पडली.

ताईनं चादर खाली टाकली. ती माझ्याकडे वळली. 'त्या दिवशी तू इथं होतीस. तुला माहीत होतं?'

मी होय म्हटलं.

तिनं मला शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर चाललं असतं. तिनं नवशीला खाटेवरून उचलून खाली घेतलं, गंगीचं गाठोडं स्वतःच्या काखेत मारलं आणि म्हणाली, 'चल गंगे, मी तुझ्याकडे येते राहायला.' जाताना तिनं बॅगेकडे एकदाही बघितलं नाही. नवे कुडते वरच ठेवलेले होते, घडी करून. गंगी स्टुलावरून उतरून तिच्यामागे गेली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, 'तुम्ही सांगायचं व्हतं, मावशी.' रागानं नाही, साध्या आवाजात. मी त्या दिवशी डहाणूला कशी पोचले, ठाऊक नाही.

तेवीसला विमान गेलं. दक्षाबेनला फोन करून मी काहीतरी कारण सांगितलं. आणखी एक खोटं, ते माझं.

पंचवीसला, गुरुवारी, सकाळी साडेसहाला भाऊजींचा फोन आला. 'भिंत गेली,' एवढंच म्हणाले.

मी पोचले तेव्हा पाऊस उघडला होता. मधली खोली उघडी पडली होती; आतून थेट मागचं शेत दिसत होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी एक हादरा झाला, इतका बारीक की गावात निम्म्यांना कळलाही नाही. पेले फक्त किणकिणले, एकही पडला नाही. आणि भिजलेली भिंत तुळईपासून सुटून आत आली. सगळी त्या खाटेवर. लोखंडी खाट मधोमध वाकून जमिनीला टेकली होती. मच्छरदाणीची एक दोरी अजून वरच्या खिळ्याला लोंबत होती.

भाऊजी पुढच्या ओटीवर निजत होते, म्हणून वाचले. गंगी आवणीच्या दिवसांत साडेपाचलाच शेतावर जाते. म्हणजे त्या वेळी त्या खाटेवर एकटी नवशी असती, गाढ झोपेत. आणि आम्ही? स्वयंपाकघरातलं ते दुसरं घड्याळ पावणेतीनच्या जवळ होतं. ताई आणि भाऊजी स्कोपियेच्या हॉटेलात झोपलेले असते, आणि मी डहाणूत चहा गाळत. मी ओटीवर मटकन बसले आणि मोठ्यानं रडले. कुणी समजूत घालायला आलं नाही, आणि यायलाही नको होतं.

ताई, गंगी आणि नवशी पाड्यावरून आल्या. ताईनं खाट बघितली आणि नवशीचा हात घट्ट धरला, इतका की पोर 'बाई, दुखतं' म्हणाली.

भाऊजींनी रजिस्टर आणलं. ओटीवर मांडी घालून बसले. अक्षर नेहमीसारखं. आधी पंचवीस तारखेची ओळ लिहिली: वेळ ६.१०, चार सेकंद. शेरा, 'मधली भिंत पडली. आत कोणी नव्हते.' मग मागचं पान उलटलं. सात जुलैचा कोरा राहिलेला शेरा भरला. आज भरतोय म्हणून आजची तारीख घातली. 'पट्टी फाटली. मी नवी लावली आणि शाबूत आहे असे पत्नीस सांगितले. ते खोटे होते.' खाली सही. मग वही फिरवून माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

मी पेन घेतलं. तेवीस वर्षं सरकारी कचेरीत लिहितेय, असं जड पेन कधी हातात धरलं नव्हतं. मी एक ओळ लिहिली, सही केली आणि वही मिटायला गेले, तर नवशीनं मध्येच बोट घातलं. आईसारखीच. दिसेल ते वाचायचं. भाऊजींचं सगळं तिनं सुटं सुटं वाचून काढलं, पत्नीस या शब्दाला अडखळली, ताईनं तो सांगितला. मग ती माझ्या ओळीशी आली आणि थांबली. माझं अक्षर गिचमिड, कचेरीतलं.

'मावशी, हे काय लिवलंय? लागत नाय मला.'

मी ताईकडे बघितलं. ती माझ्याशी पुन्हा कधी बोलणार की नाही, मला ठाऊक नव्हतं. ताई नवशीमागे उभी होती. म्हणाली, 'वाचून दाखव तिला.'

नवशी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

'स्वप्नाला माहीत होतं,' मी वाचलं. 'तिनं सांगितलं नाही.'